पिकअपमध्ये मिनी ट्रॅक्टर: चार बेल्ट आणि एक चहा

प्रश्न : आमची दिंडोरी तालुक्यात पावणेतीन एकर द्राक्षबाग आहे, वाय पद्धतीची. आतापर्यंत फवारणीला भाड्याचा ट्रॅक्टर बोलवायचो. यंदा गोडी छाटणीच्या आधी संगमनेरजवळून २४ अश्वशक्तीचा जुना मिनी ट्रॅक्टर घेतलाय. सोबत रोटाव्हेटर आणि २०० लिटरचा ब्लोअर. पिकअपमध्ये घालून आणायचा विचार आहे. पिकअपवाला म्हणतो, "दोन दोऱ्या मारतो, न्यूट्रलला टाकतो, काही होत नाही." मेव्हणे म्हणतात, चालवतच आणा. बांधायचा तर नेमका कुठं आणि कशानं?
— एक बागायतदार, दिंडोरी

उत्तर : भाऊ, आधी मेव्हण्यांचं उरकून टाकू. संगमनेर ते तुमचं गाव नव्वद किलोमीटरच्या पुढं जाईल. तुम्ही अजून न ओळखलेला जुना ट्रॅक्टर, वर्षानुवर्षं बागेतच फिरलेले टायर, आणि पुणे हायवेवर बाजूनं सुसाट जाणारे कंटेनर. चार-पाच तास त्या सीटवर बसायची हौस मेव्हण्यांना असेल तर त्यांना बसवा, पण मी म्हणेन नको.

आता पिकअपवाल्याचं. त्याला मी नावं ठेवणार नाही, कारण एके काळी मीही हेच करायचो. वीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. माझं गॅरेज तेव्हा नाशिकरोडला होतं आणि एका गिऱ्हाइकाचा छोटा ट्रॅक्टर मी सिन्नरहून आणत होतो. नायलॉनची बोटभर जाडीची नवी कोरी दोरी. एक फेरा बोनेटवरून, एक सीटच्या मागून, दोन्हीकडं हौद्याच्या बाहेरच्या हुकांना. दोरीत दांडकं घालून असा पीळ दिला होता की टिचकी मारली तर तार वाजावी. मोहदरी घाट उतरताना पुढच्या ट्रकनं एकदम ब्रेक मारला, आमच्या ड्रायव्हरनंही मारला, आणि पाठीमागं 'धप्प' झालं. ट्रॅक्टर वीतभर पुढं येऊन केबिनच्या जाळीवर बसला होता. जाळी आत दबली, काच वाचली. खाली उतरून बघतो तर गाठ जशीच्या तशी! दोरी तुटलेली नाही, सुटलेली नाही. नुसती लांबली होती. आणि फाळक्याच्या कडेवर जिथं ती घासत होती तिथले पदर तुटून दात घासायच्या ब्रशसारखे उभे राहिले होते. घाट आणखी दोन वळणं लांब असता तर दोरी तुटलेलीही पाहिली असती.

त्या दिवशी दोन चुका होत्या. पहिली नायलॉनची. नायलॉन ताणलं की लांबतं, तो त्याचा स्वभावच आहे. विहिरीतून काही ओढायला ठीक, ट्रॅक्टर जागेवर धरायला नाही. दुसरी चूक मोठी, आणि ती आजही दहातले आठ जण करतात: वरून फेरा मारायची. बोनेटवरून आडवी टाकलेली दोरी ट्रॅक्टरला फक्त खाली दाबते. पुढं जायचं ठरवलं तर ट्रॅक्टर दोरीखालून सरकत जातो. तुम्हाला हवी ती प्रत्येक कोपऱ्यातून तिरकी ओढ.

हिशेब सोपा आहे. तुमचा ट्रॅक्टर ९०० किलोचा धरू. (नक्की वजन आरसी बुकात आहे, बघून घ्या.) मालबांधणीच्या युरोपीय नियमांत जोराच्या ब्रेकला वजनाच्या ०.८ पट ओढ पुढच्या दिशेनं धरतात. वळणावर बाजूला आणि मागं ०.५ पट. म्हणजे ब्रेक दाबताच तुमचा ट्रॅक्टर ७२० किलोच्या जोरानं केबिनकडं निघतो. सात पोती सिमेंटची थप्पी एखाद्यानं पाठीवर ढकलली तर किती लागेल, त्याच्या दुप्पट समजा. दोन दोऱ्यांनी आणि न्यूट्रलमधल्या चाकांनी हे अडवायचं?

न्यूट्रलचंही सांगतो. "गिअरवर ठेवला तर गिअरबॉक्सला झटके बसतात," हे मी शेकडो वेळा ऐकलंय. झटके बसतात ते बांधणी ढिली असली तर. बांधणी पक्की असेल तर चाक फिरायलाच बघत नाही, मग झटका कुठून येणार? इंजिन बंद, लो रेंजचा पहिला गिअर, हँडब्रेक ओढलेला, पीटीओ (अवजार फिरवणारा मागचा शाफ्ट) बंद, किल्ली खिशात. पण एवढ्यावर विसंबू नका. तुमच्या ट्रॅक्टरचे ब्रेक मागच्या दोन चाकांवरच असतात, आणि पिकअपच्या गुळगुळीत पत्र्यावर ती चाकं न फिरताही घसरतात.

चढवण्याआधी टेप घ्या. हौद्याची आतली लांबी मोजा, मग ट्रॅक्टरची. मागं रोटाव्हेटर जोडलेला असेल तर तो बहुतेक पिकअपमध्ये मावणारच नाही, मग फाळका उघडा टाकून मागं लाल फडकं बांधायची कल्पना कुणीतरी काढतं. ती ऐकू नका. माल गाडीच्या बाहेर डोकावला तर मोटार वाहन कायद्यात २० हजारांचा दंड आहे, आणि माल उतरवायचा खर्च वेगळा. अवजारं दुसऱ्या खेपेत आणा किंवा वेगळ्या गाडीत. ब्लोअरची टाकी मात्र पूर्ण रिकामी करून. २०० लिटर म्हणजे २०० किलो, आणि अर्धी भरलेली टाकी भरलेल्या टाकीपेक्षा वाईट, कारण प्रत्येक वळणावर पाणी उलट्या बाजूला धावतं. छोट्या हत्तीत ट्रॅक्टर घालू असंही कुणी सुचवेल. त्याची क्षमता साधारण ७५० किलो. तुम्हीच बेरीज करा.

आता चढवणं. खरं सांगायचं तर रस्त्यावर जेवढे अपघात होतात असं आपल्याला वाटतं, त्याहून जास्त मी फळीवर होताना बघितलेत. विकणाऱ्याच्या रानात हौद्याच्या उंचीचा बांध असेल तर फळ्यांच्या भानगडीत पडूच नका. पिकअपचं बूड बांधाला टेकवा, मधली फट माती टाकून बुजवा, पिकअपच्या चाकांपुढं-मागं दगड लावा. बांध नसेल तर लोखंडी रॅम्प, किमान आठ फुटी, दहा फुटी मिळाला तर उत्तम. तो हौद्याला साखळीनं बांधा. ट्रॅक्टरचं चाक रॅम्पला मागं ढकलतं. बांधलेला नसेल तर तो सुटून निघतो आणि ट्रॅक्टर हवेत राहतो.

एक बारीक गोष्ट, जी बागेतल्या माणसालाच कळेल. ट्रॅक्टरला ब्रेकचे दोन पेडल असतात, डाव्या चाकाचं एक, उजव्याचं एक, आणि दोन्ही जोडायला एक पट्टी. ओळीच्या टोकाला वळताना आपण एकच पेडल दाबून जागच्या जागी फिरवतो, म्हणून ती पट्टी बागेत कायम काढलेलीच असते. तशीच ठेवून रॅम्पवर गेलात आणि घाबरून उजवं पेडल दाबलं, की ट्रॅक्टर उजवीकडं वळून रॅम्पवरून खाली. वीस सेकंदांचं काम आहे: पट्टी टाका, दोन्ही पेडल एकत्र दबतात ना हे जमिनीवरच बघा, मग चढा.

आणि चढवायचा उलटा. रिव्हर्समध्ये, लो गिअरला, हळू. ट्रॅक्टरचं जड अंग मागं असतं. सरळ तोंडानं चढवलात तर ते जड अंग उताराकडं राहतं आणि इंजिनाची ताकद तोंड वर उचलायला बघते. मधेच क्लच सोडला तर पुढची चाकं उचलून ट्रॅक्टर चालवणाऱ्याच्या अंगावर उलटा पडतो. उलटा चढवलात तर तीच ताकद तोंड खाली दाबून ठेवते. शिवाय जड अंग केबिनकडं जातं, ते पिकअपच्या मागच्या अ‍ॅक्सलच्या पुढं बसतं आणि स्टिअरिंग हलकं पडत नाही. उतरवताना सरळ तोंडानं खाली. चढवताना ट्रॅक्टरच्या मागं, पुढं, बाजूला कुणी उभं नको. "थोडं डावीकडं घ्या" असं ओरडणारा काका दहा फूट लांब उभा करा.

हौद्यात आल्यावर मागची चाकं पुढच्या भिंतीजवळ. मागं अवजार जोडायच्या लिंकचे खालचे हात चाकांच्याही पुढं, भिंतीकडं आलेले असतात, म्हणून चाक आणि भिंत यांच्यामध्ये एक जाड लाकडी वासा आडवा घाला, म्हणजे चाकं वाशाला टेकतील आणि हात भिंतीला लागणार नाहीत. लिफ्टचा लिव्हर खाली. हायड्रॉलिकमध्ये दाब ठेवून प्रवास करायचा नाही.

बांधायला रॅचेट बेल्ट घ्या, ५० मिलिमीटर रुंदीचे, चार. प्रत्येक कोपऱ्याला स्वतंत्र. एकच लांब बेल्ट दोन कोपऱ्यांतून ओवू नका, एका टोकाला ढिला पडला की दोन्हीकडं ढिला. बेल्टवर शिवलेली निळी चिठ्ठी असते (निळी म्हणजे पॉलिएस्टर), तिच्यावर 'एलसी' (म्हणजे भार धरायची क्षमता) लिहिलेलं असतं आणि पुढं आकडा, 'डीएएन'मध्ये. एक डीएएन म्हणजे जवळपास एक किलोचा भार. चांगल्या ५० मिलिमीटरच्या बेल्टवर २५०० दिसेल. दुकानात पाकिटावर मोठ्या अक्षरात '५ टन' छापलेलं असतं, तो आकडा बहुधा तुटायचा असतो. वापरायचा त्याच्या निम्म्यानंच, जुना बेल्ट असेल तर त्याहूनही कमी धरा. चिठ्ठीच नसेल तर तो बेल्ट ताडपत्रीला वापरा.

हुक कुठं अडकवायचा, यावर सगळं आहे. पुढं फ्रंट अ‍ॅक्सलच्या जाड बीमला, डावीकडं एक, उजवीकडं एक. तो बीम मधल्या पिनवर झुलतो, दोन्हीकडून धरला की ट्रॅक्टरचं डोलणंही थांबतं. त्याच्या पुढं-मागं जी बारीक सळई दिसते ती टाय रॉड, स्टिअरिंगची. तिला हुक लावलात तर ट्रॅक्टर घरी पोचेल, पण चाकं दोन दिशांना बघत असतील. मागं मागच्या अ‍ॅक्सलच्या नळीला, चाकाच्या आतल्या बाजूनं बेल्टचा फास, नाहीतर ड्रॉबारला. मडगार्ड, पायरी, सीटचा पत्रा, बंपरचा पातळ भाग, छत्रीचा पाइप यांना काहीही बांधू नका. ते ट्रॅक्टरची कातडी आहेत, बांधायचं हाडाला.

दुसरं टोक पिकअपला. बाहेरच्या कडेचे ते वाकडे हुक ताडपत्रीच्या दोरीसाठी असतात, ट्रॅक्टरसाठी नाहीत. तुमच्या पिकअपवाल्यानं कधी हौद्याच्या तळाला, खालच्या आडव्या चॅनलला धरून चार कड्या वेल्डिंग करून घेतल्या असतील तर देव भेटला म्हणा. नसतील तर बेल्ट हौद्याच्या खालून चॅसिसला घाला, आणि जिथं पत्र्याच्या कडेवरून जातो तिथं जुन्या ट्यूबचा तुकडा. पंक्चरवाला फुकट देतो. चारही बेल्ट बाहेरच्या बाजूला आणि खाली तिरके, दोन केबिनकडं ओढणारे, दोन फाळक्याकडं. जमिनीशी ३० ते ४५ अंश, साधारण रोटीच्या चतकोराचा निम्मा, किंवा त्याहून थोडा बसका. पुढं सरकणं अडवतात ते मागं ओढणारे दोन, म्हणून त्यांची खात्री आधी.

रॅचेटच्या दांडीवर बेल्टचे किमान दोन फेरे पडले पाहिजेत, नाहीतर तो घसरतो. पीळ पडलेला बेल्ट सरळ करून मग आवळा. लांबी जास्त झाली म्हणून गाठ मारू नका, गाठीपाशी ताकद निम्म्यावर येते. उरलेलं टोक गुंडाळून खोचा. चारही चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे, ते तळाला खिळ्यानं किंवा आडव्या पट्टीनं अडवलेले. बोनेटची कडी लागली का, टॉप लिंकच्या पिना काढून डब्यात गेल्या का, हेही बघा. माझ्याकडून एकदा सिन्नर ते नाशिकरोड रस्त्यावर एक पिन पडली होती. परत शोधत गेलो, मिळाली नाही.

आता चहा. ट्रॅक्टर टायरवर उभा आहे आणि टायरमध्ये हवा आहे, म्हणून तो थांबलेला असतानाही श्वास घेतो. बेल्ट आवळताना टायर थोडे दबतात, पाच-दहा किलोमीटर खड्डे खाल्ले की ट्रॅक्टर आपली जागा करून घेतो आणि घट्ट वाटलेला बेल्ट बोटानं हलायला लागतो. संगमनेर सोडल्यावर पहिल्या पाच-सात किलोमीटरला गाडी बाजूला घ्या आणि चारही रॅचेटना हात लावा, बहुतेक वेळा एक-दोन दात अजून बसतात. पुढं नांदूर शिंगोट्याला चहा, परत हात. सिन्नर ओलांडल्यावर मोहदरी घाटाच्या आधी शेवटचा, कारण नाशिककडं येताना तो सगळा उतार आहे आणि ट्रॅक्टरचं सगळं वजन केबिनकडं. घाटात पिकअप दुसऱ्या गिअरला, ब्रेकवर पाय ठेवून उतरायचं नाही. नाशिक शहरात द्वारका चौकाच्या अलीकडं-पलीकडं ब्रेकच ब्रेक. तिथं बांधणी चांगली असेल तर तुम्हाला काहीच ऐकू येणार नाही.

कागदांचं दोन ओळींत: आरसी, विमा, विकणाऱ्याची सही केलेले फॉर्म २९ आणि ३० गाडीत सोबत असू द्या. त्याच्यावर बँकेचा बोजा असेल तर फॉर्म ३५ आणि बँकेचं ना-हरकत पत्र घेतल्याशिवाय ट्रॅक्टर हलवूच नका.

प्रश्न : आमच्याकडं मोठा ट्रॅक्टर आणि दोन चाकी ट्रॉली आहे. मिनी ट्रॅक्टर शेजारच्या गावी बहिणीच्या बागेत न्यायचा असतो, अंतर नऊ किलोमीटर. ट्रॉलीत घालून नेला तर चालेल का? मालक म्हणतात ट्रॉली मागं हलते.
— एक शेतकरी भगिनी, निफाड तालुका

उत्तर : ताई, चालेल, पण मालकांचं म्हणणं खरं आहे आणि कारण ट्रॉलीत नाही, ट्रॅक्टर उभा करायच्या जागेत आहे. दोन चाकी ट्रॉलीत वजन चाकांच्या मागं गेलं की ट्रॉलीचं तोंड वर उचलतं, मोठ्या ट्रॅक्टरची मागची चाकं हलकी होतात आणि ट्रॉली शेपटीसारखी हलायला लागते. मिनीचं जड अंग, म्हणजे मागची चाकं, ट्रॉलीच्या अ‍ॅक्सलच्या थोडं पुढं यायला हवं. पहिल्यांदा ठेवाल तेव्हा ट्रॉलीच्या तळाला ऑइल पेंटनं चाकांची जागा खूण करून ठेवा, पुढच्या वेळी अंदाज लागत नाही. फार पुढंही नको, हिचवर (ट्रॉली जोडतो त्या जागी) सगळं वजन आलं तर मोठ्या ट्रॅक्टरची पुढची चाकं हलकी होतात.

चढवताना ट्रॉली मोठ्या ट्रॅक्टरला जोडलेलीच हवी. सुटी ट्रॉली घेतलीत तर मिनी मागच्या टोकावर आला की ट्रॉली झुल्यासारखी मागं कलंडेल. तिच्या मागच्या कडेखाली लाकडाचा ठोकळाही लावा. हिचच्या पिनेत क्लिप आहे का ते बघा, नुसती पिन खड्ड्यात वर उडते. बांधणी वरच्यासारखीच, चार कोपरे, अ‍ॅक्सलला. आपल्याकडच्या बहुतेक ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक नसतात, म्हणजे थांबवायचं सगळं काम पुढच्या ट्रॅक्टरचं. वीसच्या वर जाऊ नका. संध्याकाळ झाली असेल तर मागं लाल रिफ्लेक्टर, कारण उसाच्या ट्रॉल्यांमुळे रात्री मागून धडकलेल्या मोटारसायकली तुम्हीही पाहिल्या असतील.

प्रश्न : मागच्या वर्षी चांगले रॅचेट बेल्ट घेतले, महाग होते. वर्षभरात कडक पडून त्यांचे धागे सुटायला लागले. फसवणूक झाली का?
— एक वाचक, ओझर

उत्तर : बेल्ट कुठं ठेवता ते लिहिलं नाहीत, पण पैजेवर सांगतो, फवारणीच्या शेडमध्ये. पॉलिएस्टरला ऊन चालत नाही हे बहुतेकांना माहीत असतं. चुना चालत नाही हे कमी जणांना. बोर्डो मिश्रणासाठी मोरचूद आणि चुना जिथं कालवता तिथंच खिळ्याला बेल्ट टांगले असतील, तर चुन्याचा शिंतोडा आणि भुकटी वर्षभर त्यांच्यात मुरत राहिली. चुना अल्कधर्मी, आणि पॉलिएस्टरचा धागा अल्कानं हळूहळू खाल्ला जातो. बाहेरून बेल्ट जाड दिसतो, वाकवला की कडक लागतो, मग धागे उभे राहतात. दुकानदाराचा यात दोष नसावा.

ते बेल्ट आता कापून टाका, नाहीतर उद्या घाईत कुणीतरी तेच काढून लावेल. नवे आणले की दर वेळी वापरल्यावर साध्या पाण्यानं धुवा, सावलीत वाळवा, रॅचेटच्या दातांना थेंबभर तेल द्या, पण बेल्टला लागू देऊ नका. गुंडाळी करून घरात ठेवा, कोरड्या जागी. माझे बेल्ट बायकोच्या शिलाई मशीनच्या खालच्या कप्प्यात असतात. ती दर महिन्याला ते बाहेर काढून ठेवते, मी दर महिन्याला परत आत ठेवतो.